कळ खरी की खोटी? एका अवघड निवाड्याचा इतिहास

१/
सतराव्या शतकाच्या मध्यावरची गोष्ट. सायलेशियात, म्हणजे आज बहुतांशी पोलंडमध्ये असलेल्या प्रदेशात, युस्टिने सीगेमुंड नावाची विशीतली विवाहिता वेदनांनी तळमळत होती. भोवतालच्या सुइणींचे निदान ठाम होते: दिवस भरले आहेत, कळा सुरू झाल्या आहेत, मूल अडले आहे. त्या निदानाबरहुकूम उपचारही झाले. पुष्कळ हाल सोसल्यावर अखेर उलगडा झाला की ती गरोदरच नव्हती. गर्भाशय जागेवरून खाली सरकले होते आणि त्याच्या वेदनेलाच सर्वांनी बाळंतकळा मानले होते.

२/
या अनुभवाने सीगेमुंड यांना प्रसूतिविद्येकडे वळवले. त्या पुढे ब्रांडेनबुर्गच्या दरबारी सुईण झाल्या. १६९० मध्ये त्यांनी आपल्या ज्ञानाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन भाषेत एका स्त्रीने लिहिलेला प्रसूतिशास्त्राचा तो पहिला ग्रंथ मानला जातो. त्यांना स्वतःला मूल कधीच झाले नाही.

पोटात उठलेली कळ खरी की खोटी, हा निवाडा चुकला तर काय होते, हे त्यांना स्वतःच्या देहावर कळले होते. या धाग्याचा विषय तोच निवाडा आहे. आणि विशेषतः त्याचे सर्वांत बिकट रूप, म्हणजे दिवस भरण्याआधीच उठलेली कळ.

३/
प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत.

पहिला: गर्भाशय आवळते आहे, ते प्रसूतीसाठी की नुसता सराव म्हणून? गरोदरपणात गर्भाशय अधूनमधून कडक होते आणि पुन्हा सैल पडते. त्यातून प्रसूती होत नाही.

दुसरा: दिवस किती झाले? सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी खऱ्या कळा सुरू झाल्या तर ती अकाली प्रसूती ठरते.

म्हणजे कळेची ओळख हवी आणि दिवसांची मोजदादही हवी. इतिहासात फार मोठ्या काळापर्यंत या दोहोंपैकी एकाचीही खात्री कोणाला नव्हती.

४/
भारतीय परंपरेत या निवाड्याचा विचार फार आधी झालेला दिसतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसववेदनेला ‘आवी’ हा स्वतंत्र शब्द आहे. आसन्नप्रसवेची लक्षणे सांगून झाल्यावर मग आवी प्रकट होतात आणि गर्भोदक वाहू लागते, असा क्रम तेथे दिला आहे.

त्यापुढची सूचना अधिक महत्त्वाची आहे. आवी आलेल्या नसताना स्त्रीने जोर करू नये. केल्यास तिचे श्रम वाया जातात आणि अपत्यालाही अपाय होतो, असा इशारा संहिताकार देतात. कळ ओळखल्याशिवाय घाई करू नका, हेच त्या इशाऱ्याचे सार.

५/
दिवसांच्या मोजदादीविषयीची प्राचीन समजूत मात्र चमत्कारिक होती. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते माता आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातला जन्म संकटाचा, असे चरकसंहिता सांगते. त्या महिन्याला जाणते लोक ‘अगण्य’ म्हणतात, अशी नोंदही तेथे आहे. आठव्या महिन्यात जन्मलेले मूल जगत नाही, असे सुश्रुतसंहिता म्हणते.

ग्रीक परंपरेत हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या लेखनातही हेच आढळते: सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही. आज आपण जाणतो की प्रत्यक्षात उलटे घडते; गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. पण दोन दूरच्या संस्कृतींना आठव्या महिन्याची सारखीच धास्ती वाटावी, हे लक्षणीय आहे.

६/
युरोपात अठराव्या शतकात हा निवाडा पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत विल्यम स्मेली यांचे नाव ठळक आहे. मूळचे स्कॉटलंडचे हे वैद्य लंडनमध्ये प्रसूतिविद्या शिकवत. शिकवण्यासाठी त्यांनी गर्भवतीच्या देहाची यांत्रिक प्रतिकृती घडवून घेतली होती. १७५२ सालच्या त्यांच्या ग्रंथात खऱ्या आणि खोट्या कळांची चर्चा आहे.

त्यांची कसोटी होती गर्भाशयाच्या मुखाची. स्त्री किती कण्हते, कळ किती तीव्र आहे, यावर निवाडा करायचा नाही. कळेसरशी ते मुख उघडते आहे का, हे बोटाने तपासायचे. उघडत नसेल तर कळ खोटी. अशा वेळी प्रसूतीची घाई करायची नाही, वेदना शमवायची. ही कसोटी लक्षात ठेवावी. धाग्याच्या शेवटाकडे ती पुन्हा भेटणार आहे.

७/
दिवसांच्या हिशेबाला ठाशीव रूप आले ते हायडेलबर्गचे प्राध्यापक फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमामुळे. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजायचे, हा तो हिशेब. आजही दवाखान्यात प्रसूतीची तारीख याच आधारावर काढून दिली जाते.

पण हा हिशेब स्त्रीच्या स्मरणावर आणि पाळीच्या नियमितपणावर अवलंबून होता. तारीखच डळमळीत असेल, तर ‘दिवस भरण्याआधी’ हे शब्दही डळमळीत होतात. ही अडचण पुढे दीडशे वर्षे कायम राहिली.

८/
आता या कथेतले सर्वांत परिचित नाव. ‘ब्रॅक्स्टन हिक्स’ ही दोन माणसे असावीत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जॉन ब्रॅक्स्टन हिक्स (१८२३–१८९७) हे एकच इंग्रज प्रसूतितज्ज्ञ होते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयाशी ते संबंधित होते. वनस्पती आणि कीटक यांच्या सूक्ष्म निरीक्षणाचा त्यांना छंद होता आणि १८६२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पोटात आडवे आलेले मूल बाहेरून आणि आतून एकाच वेळी हाताळून फिरवण्याची त्यांची पद्धतही त्या काळात गाजली.

९/
१८७२ मध्ये लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांचा निबंध छापून आला. विषय होता, गर्भारपणाच्या संपूर्ण काळात होणारी गर्भाशयाची आकुंचने.

पद्धत इतकी साधी की आश्चर्य वाटावे. गरोदर स्त्रीच्या पोटावर हात अलगद ठेवायचा. चोळायचे नाही, दाबायचे नाही. पाच ते वीस मिनिटे तो तसाच राहू द्यायचा. तेवढ्या अवधीत सैल असलेले गर्भाशय कडक होते, कडक असलेले सैल पडते. हे बाहेरून डिवचल्यामुळे घडत नाही, आपोआप घडते. आणि शेवटच्या दिवसांतच नव्हे, तर अगदी सुरुवातीच्या महिन्यांपासून घडते. एका निसर्गनिरीक्षकाच्या धीराने टिपलेली ही नोंद आहे.

१०/
आता खरी गंमत. या निबंधाचा मुख्य हेतू खऱ्या-खोट्या कळांची पारख हा नव्हताच. हिक्स यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: ही स्त्री गरोदर आहे की तिच्या पोटात गाठ आहे?

क्ष-किरण नाहीत, सोनोग्राफी नाही, गर्भनिदानाची रासायनिक चाचणी नाही. त्याच वेळी लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स यांच्यासारखे शल्यविशारद बीजकोशाच्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर करू लागले होते. अशा वेळी गर्भाला गाठ समजणे म्हणजे अनर्थच. हिक्स यांचा युक्तिवाद असा की, हाताखाली जे आलटून-पालटून कडक आणि सैल होते ते गर्भाशय. बीजकोशाची गाठ असे करत नाही.

११/
म्हणजे ज्या आकुंचनांना आज जग ‘खोट्या कळा’ म्हणून ओळखते, ती हिक्स यांच्या लेखी गर्भारपणाची खरी खूण होती. या आवळण्यामुळे गर्भाशयातील रक्त खेळते राहते आणि गर्भाला योग्य स्थितीत येण्यास मदत होते, असाही त्यांचा कयास होता.

पुढे गर्भनिदानाची नवी साधने आली आणि त्या जुन्या उपयोगाची गरज उरली नाही. नाव मात्र उरले. ते चिकटले ‘सरावाच्या’ कळांना आणि नकळत एक नवी समजूत रूढ झाली: हिक्स यांच्या कळा एकीकडे, प्रसूतीच्या कळा दुसरीकडे, आणि मध्ये जणू स्पष्ट आखलेली रेघ. ती रेघ किती पुसट आहे, हे विसाव्या शतकाने दाखवून दिले.

१२/
मराठी वाचकांच्या दृष्टीने एक नोंद येथे आवश्यक आहे. हिक्स यांच्या निबंधानंतर चौदा वर्षांनी, १८८६ मध्ये, फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. ज्या परंपरेने ‘आवी’ हा शब्द दिला, तिची ओळख त्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या दालनात करून देत होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल अवघे दहा दिवस जगले होते. त्यांच्या विषयनिवडीमागचे दुःख ओळखायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

१३/
एकोणिसाव्या शतकापर्यंत या निवाड्याला एक मर्यादा होती. समजा, अपुऱ्या दिवसांत उठलेली कळ खरी आहे हे अचूक ओळखले. पुढे काय करायचे? कळा थांबवणारे भरवशाचे औषध नव्हते आणि जन्मलेल्या बाळासाठी ऊब आणि दूध यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते.

‘अकाली’ या शब्दाची व्याख्याही वजनावर बेतली गेली. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्पो यांनी सुचवलेली २५०० ग्रॅमची मर्यादा जगभर रूढ झाली. कमी वजनाचे बाळ आणि कमी दिवसांचे बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर निकष वजनाकडून आठवड्यांकडे सरकला.

१४/
दरम्यान कळ काटेकोरपणे मोजली जाऊ लागली. स्थळ होते दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ. एर्मोहेनेस आल्वारेस आणि रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया या दोन संशोधकांनी १९४७ पासून गर्भाशयाच्या आतला दाब नोंदवायला सुरुवात केली. पोटातून सुई गर्भजलापर्यंत नेऊन, तिच्यातून बारीक नळी आत ठेवून प्रत्येक आकुंचनाचा आलेख काढायचा, अशी ती पद्धत होती.

आकुंचनाचा जोर आणि दहा मिनिटांतील आकुंचनांची संख्या यांच्या गुणाकाराला ‘मोंतेविदेओ एकक’ हे नाव मिळाले. प्रसूतिगृहांत ते आजही वापरले जाते.

१५/
त्या आलेखांतून काय दिसले? गर्भारपणात दोन प्रकारच्या लहरी उठतात. एक, अगदी क्षीण आणि वारंवार येणाऱ्या, गर्भाशयाच्या एखाद्याच भागापुरत्या. त्यांना पुढे आल्वारेस लहरी म्हटले गेले. दुसऱ्या, अधिक जोरकस पण तुरळक. त्याच हिक्स यांच्या.

प्रसूतीच्या वेळी मात्र लहर गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी उगम पावते आणि खाली पसरत जाते. वरचा भाग अधिक जोराने आणि अधिक वेळ आवळतो, म्हणून गर्भ खाली ढकलला जातो.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या अवस्था एकमेकींत मिसळत जातात. दिवस भरत येतात तशा हिक्स यांच्या लहरी वाढतात, जोर धरतात, सुसूत्र होत जातात आणि अखेर प्रसूतिकळांत रूपांतरित होतात. रेघ नाही, उतार आहे.

१६/
या उताराचे सूक्ष्म कारण १९७७ मध्ये पुढे आले. रॉबर्ट गारफील्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एरवी या स्नायूपेशी जवळजवळ सुट्या असतात. प्रसूतीच्या सुमारास त्यांच्यात असंख्य सूक्ष्म जोडमार्ग तयार होतात आणि विद्युतसंदेश एका पेशीतून दुसरीत सहज धावू लागतो.

जत्रेतली गर्दी आणि कवायतीची पलटण यांत जो फरक, तोच येथे. माणसे तितकीच, पण एकाच हुकमावर एकदम पाऊल पडू लागले की जोर बदलतो. सरावाची कळ खोटी नसते. तिच्यात पेशींची एकजूट तेवढी झालेली नसते.

१७/
आता निवाड्याचे मोल ज्यामुळे एकाएकी वाढले, त्या घटनेकडे वळू. ७ ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन यांना साडेपाच आठवडे आधीच प्रसववेदना सुरू झाल्या. तातडीच्या शस्त्रक्रियेने पुत्र जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. नाव पॅट्रिक. फुप्फुसे पुरती तयार नव्हती. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राची सारी साधने हाताशी असूनही ९ ऑगस्टला, जन्मानंतर ३९ तासांनी, ते बाळ गेले.

या आजाराचे मर्म चारच वर्षांपूर्वी उमगले होते. अशा बाळांच्या फुप्फुसांत ती उघडी ठेवणारा साबणासारखा पदार्थ अपुरा असतो, असे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले होते. कारण कळले होते; उपाय नव्हता.

१८/
उपाय सापडला न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांच्या गोठ्यात. ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूती कशाने सुरू होते याचा शोध घेत होते. गर्भावस्थेत स्टेरॉईड दिलेली कोकरे फार लवकर जन्मली. ती जगायला नको होती. तरी त्यांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा चांगली चालत होती. लिगिन्स यांच्या नजरेने हे टिपले.

बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी स्त्रियांवर नियंत्रित चाचणी केली. २८२ मातांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. अकाली प्रसूतीच्या आधी मातेला बीटामेथासोनची इंजेक्शने दिल्यास बाळाचा श्वसनविकार आणि मृत्यू यांचे प्रमाण घटते, असे त्यांत दिसले. हिक्स यांच्या निबंधाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

१९/
येथून निवाड्याचा अर्थच बदलला. औषधाचा पूर्ण लाभ मिळायला जन्माआधी साधारण एक दिवस हवा. आणि काही दिवसांनी तो लाभ ओसरू लागतो. म्हणजे ‘कळ खरी आहे का’ एवढेच पुरेसे नाही. ‘येत्या दोन-चार दिवसांत प्रसूती होणार का’ हे सांगता आले पाहिजे. खऱ्या कळेला खोटी म्हटले तर बाळाचा हक्काचा दिवस हातचा जातो. खोटीला खरी म्हटले तर गरज नसताना औषध दिले जाते. पूर्वी जो सुइणीच्या अनुभवाचा भाग होता, तो आता तासांचा हिशेब झाला.

२०/
साहजिकच, कळा थोपवून तो एक दिवस मिळवण्याची धडपड सुरू झाली. साठ-सत्तरच्या दशकांत चक्क मद्यार्क शिरेतून दिला जाई. फ्रिट्झ फुक्स हे या उपचाराचे प्रवर्तक. १९८० मध्ये अमेरिकेत रिटोड्रिन या औषधाला मान्यता मिळाली. मात्र १९९२ मध्ये कॅनडातील ७०८ स्त्रियांच्या चाचणीत आढळले की रिटोड्रिनने प्रसूती एक-दोन दिवस लांबते. बाळांचे मृत्यू मात्र कमी होत नाहीत.

अशा चाचण्यांनी एक जुने सत्य नव्याने उघड केले. ज्यांना केवळ परिणामशून्य औषध दिले गेले, त्यांतल्याही अनेकींच्या कळा आपोआप थांबत होत्या. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा अंदाज असा की, अकाली कळांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या पुढे पुऱ्या दिवसांनीच प्रसूत होतात.

२१/
मग दुसरा मार्ग निघाला: कळांवर घरबसल्या पहारा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पोटावर पट्टा बांधून आकुंचने नोंदवणारी आणि दूरध्वनीवरून तो आलेख पाठवणारी यंत्रे आली. तर्क बिनतोड वाटत होता: कळा आधी टिपल्या, तर प्रसूती आधी ओळखता येईल.

१९९८ मध्ये २४२२ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आठवड्यातून एकदा परिचारिकेशी बोलणाऱ्या, रोज बोलणाऱ्या आणि रोज बोलून शिवाय यंत्र वापरणाऱ्या, या तिन्ही गटांत अकाली प्रसूतीचे प्रमाण सारखेच राहिले. यंत्राने वाढवल्या त्या फक्त दवाखान्याच्या खेपा आणि औषधे.

२२/
२००२ मधील अभ्यास अधिक बोलका आहे. जे आयम्स आणि सहकाऱ्यांनी ३०६ स्त्रियांच्या तब्बल ३४,९०८ तासांच्या नोंदी तपासल्या. दिवस वाढतात तशी आकुंचने वाढतात. सायंकाळपासून पहाटेपर्यंत ती अधिक असतात. ज्या पुढे अकाली प्रसूत झाल्या, त्यांची आकुंचने किंचित जास्त होती. पण ‘तासाला इतक्या कळा म्हणजे धोका’ अशी कामाची मर्यादारेषा कोठेही आखता आली नाही.

हिक्स यांच्या हाताला वीस मिनिटांत जे जाणवले, त्याची जवळजवळ पस्तीस हजार तास मोजणी झाली. आणि नुसती कळ मोजून निवाडा होत नाही, हे सिद्ध झाले.

२३/
मग निवाडा कशाने होतो? उत्तर पुन्हा त्याच जागी सापडले, जेथे स्मेली यांचे बोट होते: गर्भाशयाच्या मुखाशी.

१९९१ मध्ये चार्ल्स लॉकवूड आणि सहकाऱ्यांनी फायब्रोनेक्टिन या प्रथिनाची चाचणी मांडली. गर्भाचे आवरण आणि गर्भाशयाची भिंत यांना सांधणारे हे प्रथिन अवेळी मुखाजवळ आढळले, तर ती सावधगिरीची खूण. आढळले नाही, तर पुढचे काही दिवस प्रसूतीची शक्यता फार कमी. १९९६ मध्ये आयम्स यांच्याच गटाने सुमारे २९०० स्त्रियांच्या सोनोग्राफीतून दाखवले की गर्भाशयमुखाची लांबी जितकी कमी, तितका अकाली प्रसूतीचा धोका अधिक. अठराव्या शतकाची कसोटी खरी होती. बोटाची जागा यंत्राने घेतली, इतकेच.

२४/
निवाडा चुकण्याची किंमत किती असू शकते, हे दाखवणारा सर्वांत गंभीर पुरावा अलीकडचा आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. अर्जेंटिना, ग्वातेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांचा एक मोठा प्रयोग झाला. भारतातील त्याची केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर.

उद्देश उदात्त होता: स्टेरॉईडचा लाभ गावोगावच्या मातांपर्यंत पोहोचवायचा. सोनोग्राफी सर्वत्र नसल्याने पाळीची तारीख किंवा पोटाची उंची मोजणारी रंगीत फीत यांवरून दिवस ठरवायचे आणि लक्षणे पाहून इंजेक्शन द्यायचे.

२५/
२०१५ मध्ये निष्कर्ष आले आणि जग चकित झाले. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकंदर नवजात मृत्यू थोडे वाढले. स्टेरॉईड मिळालेल्या स्त्रियांपैकी फक्त सुमारे १६ टक्के जणींना खरोखर अतिलहान बाळ झाले. बहुतेकींच्या बाबतीत दिवसांचा किंवा कळांचा अंदाज चुकला होता.

पाच वर्षांनी, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथील रुग्णालयांत २८५२ स्त्रिया. या वेळी दिवस सोनोग्राफीने निश्चित केले आणि ज्यांची प्रसूती दोन दिवसांत अपेक्षित होती त्यांनाच चाचणीत घेतले. औषधाच्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. औषधांचा वर्ग तोच. फरक निवाड्याचा आणि त्याला साथ देणाऱ्या रुग्णालयांचा.

२६/
या साऱ्या इतिहासातून आज जे व्यवहारज्ञान उरले, ते थोडक्यात असे. सरावाची आकुंचने अनियमित असतात. त्यांचा जोर वाढत नाही. कूस बदलली, थोडे चालले, विश्रांती घेतली किंवा पाणी प्यायले की ती बहुधा ओसरतात. प्रसूतीच्या कळा नियमित होत जातात. दोन कळांमधले अंतर घटते, जोर आणि अवधी वाढतो. अनेकदा त्या कंबरेतून पुढे येतात आणि विश्रांतीने थांबत नाहीत.

पण सदतीस आठवड्यांच्या आत हा फरक घरी बसून तपासत राहायचा नसतो. पोट ठरावीक अंतराने कडक होणे, पाणी जाणे, रक्त दिसणे, ओटीपोटात खाली दाब जाणवणे किंवा कंबरेत न थांबणारा ठणका, यांपैकी काहीही झाले तर तातडीने रुग्णालय गाठावे.

२७/
२०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अकाली जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख भारतात, असा जागतिक अंदाज आहे. त्यांतील कित्येकींची सुरुवात अशाच एखाद्या कळेने झाली असणार, जिला घरातले कोणीतरी म्हणाले असेल, ‘अजून दिवस आहेत, खोट्या कळा असतील.’

हा इतिहास सांगतो की हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणालाच सहजासहजी मिळालेला नाही. नामांकित वैद्य चुकले, यंत्रे चुकली, सहा देशांची योजना चुकली. मग पहिलटकरणीने एकटीने मध्यरात्री हा निवाडा अचूक करावा, ही अपेक्षाच गैर आहे.

२८/
म्हणून अपुऱ्या दिवसांत पोट आवळू लागल्यावर रुग्णालयात गेलेली आणि ‘काही नाही, घरी जा’ असे ऐकून परतलेली स्त्री उगाच घाबरली, असे म्हणू नये. तिने जे केले ते योग्यच होते. तपासणीनंतर खोटी ठरलेली कळ आणि तपासणीशिवाय खोटी म्हटलेली कळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत एक फेरी वाया जाते; दुसरीत तो एक दिवस वाया जाऊ शकतो, जो मिळवण्यासाठी ऑकलंडच्या गोठ्यापासून नागपूरच्या खेड्यांपर्यंत इतकी माणसे राबली.